आमचे जावई आहेत म्हणून सांगत नाही

कवळीवाल्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांच्या हातचे दात होते. कुणी आजोबा मोकळेपणी हसले की कवळीवाले आधी वरच्या रांगेकडे बघत आणि मग आजोबांना ओळखत. दातांचे डॉक्टर माप घेऊन प्लास्टरचे साचे पाठवायचे, त्यावरून हे घराच्या मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात लावायचे. भुवयांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. त्यामुळे तिशीतच साठीचे दिसायला लागले आणि पुढे साठी आली तरी कुणाला फरक कळला नाही.

एवढ्यावर माणसानं सुखात राहावं की नाही? पण कवळीवाल्यांना लिहायची खोड होती. एका इन्स्पेक्टरवर त्यांनी अख्खी कादंबरी लिहिली होती. हा इन्स्पेक्टर अर्धवट खाल्लेल्या सफरचंदावरचे दात बघून चोर पकडायचा. चोर सफरचंद खाऊन तिथंच टाकून का जातो, असा प्रश्न कुणी विचारू नये. चोरालाही भूक असते.

त्यांची बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं मुलांना द्यायची, परत घ्यायची, फाटलेली पानं चिकटवायची. नवऱ्याचं मात्र तिनं एक अक्षर वाचलं नव्हतं. लग्न नवीन असताना कवळीवाल्यांनी तिला एक गोष्ट वाचून दाखवली होती. तिसऱ्या पानावर त्यांनी वर पाहिलं तर बाईसाहेब शांत झोपलेल्या. त्यांनी वही मिटली आणि मनाशी ठरवलं की आता आपण होऊन काही वाचून दाखवायचं नाही, हिनंच कधीतरी म्हणावं, "बघू, काय लिहिलंय?" आणि तिला त्या झोपेची इतकी लाज वाटली होती की विचारायचं तोंडच उरलं नव्हतं. एरवी दोघांत रुसवे-फुगवे, थट्टा, किराणा, सगळं बोलणं व्हायचं. लिहिण्याचा विषय निघाला की दोघंही मुके. कवळीवाल्यांना जगाच्या टाळ्या नको होत्या असं नाही, पण खरी आस होती ती त्या एका प्रश्नाची.

कादंबरी सगळ्या प्रकाशकांकडे जाऊन आली. कुणी साभार परत पाठवली, कुणी आभार न मानताच. एकानं तर ती इतकी वर्षं ठेवून घेतली की तेवढ्यात प्रकाशनच बंद पडलं. मग एकदा कवळी पोचवायला गेले असताना डॉक्टरांनी सांगितलं की हल्ली इंटरनेटवर एक मोठं दुकान आहे, तिथं कुणालाही आपलं पुस्तक आपणच काढता येतं, प्रकाशकाच्या पाया पडायला नको.

कवळीवाले घरी आले ते थेट संगणकासमोर बसले. दुकानानं विचारलं, तुम्ही कुठल्या देशातून लिहिता? यादी उघडली, तर त्यांचा देश यादीत होता. त्यांना कोण आनंद झाला. पुढं नाव, गाव, मुखपृष्ठ, सगळं यथासांग पार पडलं. मुखपृष्ठावर सफरचंद. ते त्यांनी स्वतः चावून फोटो काढला होता, त्यामुळे खरं पाहता मुखपृष्ठावरचा चोर तेच होते.

पुस्तक निघालं. आता पहिली प्रत आपणच घ्यावी म्हणून ते गिऱ्हाईक होऊन दुकानात शिरले. दुकानानं पुन्हा विचारलं, तुम्ही कुठल्या देशात राहता? पुन्हा यादी उघडली. या यादीत त्यांचा देश नव्हता. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, देशाचं जुनं नावसुद्धा शोधलं. पुस्तक लिहिण्यापुरता त्यांचा देश जगात होता, विकत घेण्यापुरता नव्हता. दुकानाची शाखाच इकडे नव्हती. पुस्तकाचं पान उघडायला गेलं की सफरचंदाचा छोटा फोटो आणि खाली राखाडी चौकटीत एक ओळ: हे पुस्तक आपल्या देशात उपलब्ध नाही. कुठल्याही भाषेत अर्थ एकच, आत यायचं नाही.

त्यांनी बायकोला हाक मारली. म्हटलं, निदान चित्र तरी दाखवू. ती हात पुसत आली, चष्मा लावून ती ओळ वाचली आणि विचारलं, "मग आहे कुठं?"

"बाकी सगळ्या जगात."

"हं," ती म्हणाली आणि उतू जाणारं दूध बघायला निघून गेली. त्या 'हं'चा कवळीवाल्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. दुधाला दोष तरी काय द्यायचा?

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले की पिकतं तिथं विकत नाही हे ऐकून होतो, पण तुमच्यासाठी दुकानानं तसा नियमच करून ठेवलाय. सगळे हसले. कवळीवालेही हसले, आणि घरी येऊन गप्प बसले.

आता लेखकाच्या खात्यात एक खिडकी असायची. पुस्तकाच्या किती प्रती खपल्या, कुठल्या देशात खपल्या, एवढंच तिच्यात दिसे. कवळीवाले रोज संध्याकाळी ती उघडत. रोज शून्य. त्या शून्याकडे ते असे बघत बसत, जसं काही नीट बघितलं तर ते फुटेल आणि आतून पिल्लू बाहेर येईल. मग जेवायला येत आणि अर्ध्या ताटावरून उठत. बायको विचारी, भाजी बिघडलीय का? ते म्हणत, नाही, भूकच नाही.

आणि एके दिवशी शून्याचा एक झाला.

ज्या देशात तो एक दिसला तिथं त्यांची धाकटी मेहुणी राहत होती. कवळीवाले लेखक असले तरी अगदीच भोळे नव्हते. त्यांनी तिला फोन करून इकडचं तिकडचं बोलत खडा टाकून पाहिला. ती म्हणाली, भावोजी, मी लग्नपत्रिकासुद्धा पुरती वाचत नाही, तुमचं पुस्तक कुठून वाचणार? हे इतकं खरं होतं की त्यांचा संशय फिटला. म्हणजे वाचक परका! पार अनोळखी! त्यांनी त्या वाचकाला मनातल्या मनात कोट घातला, चष्मा दिला, एक आरामखुर्ची दिली, आणि बिचाऱ्याला विधुर करून टाकलं, म्हणजे वाचायला निवांतपणा मिळावा.

पुढच्या महिन्यात तर कहरच झाला. एकाचे दोन, दोनाचे सात, मग आकडा थांबेचना. कवळीवाल्यांची चाल बदलली. बोलता बोलता 'आमचे तिकडचे वाचक' असे शब्द यायला लागले. वाचक काय म्हणतात ते मात्र त्यांना कळायची सोय नव्हती. अभिप्राय पुस्तकाच्या पानावर, आणि पानाला कुलूप. पण मनानं त्यांनी ते सगळे लिहून काढले होते. बायको भाजी निवडत ऐकून घेई आणि मधूनच तोंड फिरवी. त्यांना वाटे, हिला अजूनही पर्वा नाही. जग वाचतंय आणि घरात ही अशी. आकडा वाढला तसं हे दुःखही वाढत गेलं, कारण आधी निदान 'कुणीच वाचत नाही' हा दिलासा तरी होता.

मग दुकानाची मेल आली. पुस्तक दुकानातून काढून टाकण्यात आलं आहे. कारण, सगळ्या गिऱ्हाइकांचा पत्ता एकच आहे. सगळ्या अभिप्रायांत 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी कादंबरी' हे वाक्य जसंच्या तसं आहे. आणि हे सगळे लेखकाचे नातेवाईक असावेत अशी शंका घ्यायला जागा आहे, कारण एका वाचकानं लिहिलं आहे: 'लेखक आमचे जावई आहेत म्हणून सांगत नाही, पण माणूस सोन्यासारखा आहे. पुस्तकही चांगलं असेल.'

कवळीवाल्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. कोट, चष्मा, आरामखुर्ची, सगळं धुरासारखं विरलं आणि तिथं त्यांचे मामेसासरे दिसू लागले.

बायकोचं माहेर म्हणजे पलटण होती. एकाला ठेच लागली की सगळे 'आई गं' म्हणणार. पलटणीची सेनापती थोरली मावशी. तिनं हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, ही रीत. धाकटी सोडली तर सगळे राहायला याच देशात, म्हणजे कुणालाच पुस्तक घेता येणार नव्हतं. पण मावशीला यादी काय अडवणार? तिचा हिशेब सरळ होता. यादीत आपला देश नाही ना, मग धाकटीचा देश टाका. धाकटी आपली, म्हणजे तिचा देशही आपलाच. सगळ्यांनी धाकटीच्या घरचा पत्ता घातला. त्या दोन खोल्यांच्या घरात दुकानाच्या लेखी दोन डझन माणसं राहायला आली आणि सगळीच्या सगळी एकच कादंबरी वाचायला लागली. अभिप्राय मावशीनं फोनवरून सांगितला, सगळ्यांनी उतरवून घेतला. फक्त मामांना वाटलं, दोन शब्द आपल्या मनचे घालावेत.

कवळीवाले उठले ते तडक ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांना डिंक लावत बसलेल्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, तुझ्या माहेरच्यांनी माझ्या पुस्तकाचं वाटोळं केलं. मावशीला हे सुचलं कुणी? धाकटीनं मला खोटं का सांगितलं? भीक नको पण कुत्रा आवर, म्हणायची वेळ आणलीत.

बायकोनं डिंकाची बाटली बंद केली. "धाकटीला ओरडू नका. मी सांगितलं होतं तिला."

"तू?"

"रोज ते शून्य बघून अर्ध्या ताटावरून उठत होतात. मला बघवेना. मी मावशीला म्हटलं, दोघातिघांना घ्यायला सांग. तिनं लग्नाचं वऱ्हाड उतरवावं तशी माणसं उतरवली."

कवळीवाले खुर्चीत बसले. राग धरून ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो हातातून निसटत होता, आणि त्याच्या जागी जे येत होतं ते रागापेक्षा वाईट होतं. ते म्हणाले, म्हणजे एकही वाचक नव्हता. सगळी दया होती. कुणी पान उलटूनही पाहिलं नसेल.

"त्यांनी नसेल पाहिलं," ती म्हणाली. मग काहीशा घुश्शातच म्हणाली, "पण मला एक सांगा, तुमच्या त्या इन्स्पेक्टरची बायको दर दोन पानांनी उसासे का टाकते? मी कधी उसासे टाकलेत?"

कवळीवाल्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिला तो 'एक' तीच होती. धाकटीच्या खात्यावरून स्वतःच्या फोनमध्ये पुस्तक उतरवून घेतलं होतं, आणि हे मागच्या खोलीत असताना ती ते वाचत होती. कवळीवाल्यांना वाटायचं, ही फोनवर मालिका बघतेय. चोरून का, म्हणून त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, माझं तोंड खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासमोर वाचलं असतं आणि आवडलं नसतं, तर तुम्हाला लगेच दिसलं असतं. एकदा झोपले होते, तेवढं पुरे झालं.

"मग? आवडलं?" हे विचारताना त्यांचा आवाज कवळी नसलेल्या माणसासारखा आला.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाही आवडलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा आवडलं."

दुसऱ्यांदा. कवळीवाल्यांना वाटलं, प्रकाशकांनी एकदाही न वाचता परत केलेलं पुस्तक हिनं दोनदा वाचलं, आणि आपण इथं एका कोटवाल्या विधुराच्या नादी लागून तिच्यावर मनातून रुसून बसलो होतो. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

ती ग्रंथालयाच्या एका पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेली पट्टी दाबत होती. मान वर न करता म्हणाली, "ते एक आहे ना त्यात, इन्स्पेक्टरच्या बायकोची आई गेल्यावर ती रोज आईच्या बंद घरी फोन लावते आणि नुसती घंटा ऐकून ठेवून देते." आणि मग, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला वाटायचं, मागच्या खोलीत तुम्हाला काही कळत नाही. यंत्र चालू असायचं तुमचं."

"बंद करायचो मी," कवळीवाले म्हणाले. "तू फोनकडे जायला लागलीस की पॉलिशचं यंत्र बंद करून बसायचो. त्याच्या घरघरीत तुला पलीकडची घंटा नीट ऐकू आली नसती."

पट्टी दाबणारा तिचा हात थांबला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकातलं फाटलेलं पान सापडावं तशा आवाजात म्हणाली, "हे नाही लिहिलंत कुठं."

"हे काय लिहायचं?"

"हेच लिहायचं. पुस्तक दुकानातून उतरलंय तेच बरं झालं, आता हे आत घालता येईल. वही आणा इकडे, बघू."