वाळूत टाकलेली गादी

माझी गादी वाळूत पडली होती. तिच्यावर ट्रंक, ट्रंकेवर चादर, घडी न घालता फेकलेली. साइटवरून बस आली, मी उतरलो आणि केबिनच्या पायरीशी हे दिसलं. आधी वाटलं, ढेकणांचं औषध मारताहेत. आत डोकावलो. माझ्या खाटेवर दुसऱ्याची सुटकेस होती.

दारात सावंत उभा होता. रत्नागिरीकडचा फिटर, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. आम्ही एका ताटात मासे खाल्लेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माज्यावर राग धरू नको. सायबान सांगितलान, मी काय करू?"

साहेब म्हणजे देसाई. पुण्याचे पायपिंग इंजिनियर, कॅम्पातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. सौदीतल्या अल खफजीच्या त्या कॅम्पात खाटा कंपनी द्यायची, पण मराठी माणसांपुरतं कुणी कुठं राहायचं ते देसाई ठरवायचे आणि अमेरिकन कॅम्प बॉस मान डोलवायचा.

देसाई आले. हसत आले, हेच मला जास्त लागलं. "गैरसमज करून घेऊ नका. जनरेटरपाशी शेवटची केबिन आहे ना, तिथं तुमचेच लोक आहेत. तुम्हालाही मोकळं वाटेल."

तुमचे लोक. आदल्या दिवसापर्यंत मी 'आपला' होतो.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. बोलणं शाळेतलं. अक्षर ड्राफ्ट्समनचं, छापल्यासारखं. एवढ्यावरून त्यांनी मला आपल्यात धरलं. मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही. मंडळाचं भित्तिपत्रक दर गुरुवारी मेसच्या भिंतीवर लागायचं, शुक्रवारच्या सुट्टीत निवांत वाचता यावं म्हणून. मजकूर देसाईंचा, अक्षर माझं. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी खरमरीत लेख लिहिला होता: अमेरिकन साहेबांच्या क्लबात भारतीय इंजिनियरांना मज्जाव का? केवढा संताप होता त्यात! मी त्याचा मथळा लाल शाईनं रंगवला होता, मनापासून.

मग सुट्टीवरून परतलेल्या एकानं मुंबईचं वर्तमानपत्र आणलं. आमच्याकडच्या गावांत गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्त्या पेटवल्या होत्या. पेपरात होतं, 'वस्तीला आग लागली.' जशी काही ती आपोआप लागते. वर शहाणपण असं, की भरपाईच्या आशेनं रहिवाशांनीच घरं पेटवल्याची चर्चा आहे. मेसमध्ये हे मोठ्यानं वाचलं गेलं. गावाचं नावही वाचलं. कुणीतरी म्हणालं, "पेटवली असतीलच. फुकटची सवय लागलीय." सगळे हसले. डाळ वाढणाराही हसला.

मी वाटी खाली ठेवली. म्हणालो, "ते माझ्या मावशीचं गाव आहे. जळालेल्यात तिचं घर आहे."

एवढंच बोललो. हसणं थांबलं. आणि दुसऱ्या दिवशी माझी गादी वाळूत.

देसाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला. "आणि हो, हा उद्याचा मजकूर. अक्षर मात्र तुमचंच हवं. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही."

गादीशेजारी उभा राहून मी वाचलं. मथळा 'निवासातील शुचिता'. प्रत्येक केबिनमध्ये समान संस्कारांची माणसं असावीत. काही मंडळींच्या सवयींचा संसर्ग इतरांना होऊ नये.

संसर्ग. शाळेत इतिहासाच्या सरांनी नाझी जर्मनी शिकवताना सांगितलं होतं, तिथल्या वर्तमानपत्रांनी ज्यूंना रोगराई म्हटलं, उवा म्हटलं. वाचणारे शेजारी साधे, घरंदाज लोक होते. मग त्यांना ज्यू भाडेकरू नकोसे झाले, कायदाही घरमालकाच्या बाजूनं झाला, आणि माणसं घराबाहेर निघाली. मी विचारलं होतं, "सर, शेजाऱ्यांना ते खरं कसं वाटलं?" सर म्हणाले होते, "रोज वाचलं की वाटतं." त्या माणसांवर पुढं जे आलं त्याची बरोबरी मी करत नाही. पण सुरुवात मला ओळखू आली. आणि ती माझ्याच हातानं लिहून हवी होती.

भीती वाटली. का वाटणार नाही? पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे अरब मालकाकडे. मंडळानं तक्रार केली की खलास, पुढच्या विमानानं घरी. पण वस्त्या जळल्यावर तिकडं तरी काय उरलं होतं?

मी ट्रंक बाजूला ठेवली, गादी उचलली आणि झटकली. वाळू देसाईंच्या बुटांवर पडली, पडू दिली. आत जाऊन सुटकेस खाली ठेवली, गादी खाटेवर टाकली आणि वर बसलो.

"अहो, हे बरं दिसत नाही," देसाई दारातून म्हणाले.

"खाट कंपनीची आहे. तुमच्या घरची ओसरी नाही. मला काढायचं असेल तर कॅम्प बॉसला घेऊन या आणि माझ्यासमोर त्याला कारण सांगा. इंग्रजीत सांगा."

ते कारण त्यांना इंग्रजीत सांगता येणार नव्हतं. ज्यांच्या क्लबाच्या दारात ते न्याय मागत होते, त्यांच्यापुढं तर मुळीच नाही. सुटकेस उचलून निघून गेले. कागद माझ्याकडेच राहिला. तो मी फाडला.

गुरुवारी मेसच्या भिंतीवर तक्ता लागला, नेहमीच्याच अक्षरात. सवयीनं सगळे वाचायला थांबले. त्यात मावशीच्या गावाचं नाव होतं, आणि खाली: 'ही घरं आम्ही पेटवली नाहीत. ती तुमच्यासारख्यांनी पेटवली आणि तुम्ही वाचून हसलात.' त्याखाली माझं पूर्ण नाव, गाव, जात आणि केबिन. कुणाला पुन्हा चुकायला नको.

जेवणाआधीच कुणीतरी तो फाडला. मी दुसरा लिहिला. तोही फाडला. तिसरा लिहिला. सावंत पुन्हा कधी माझ्या ताटात जेवला नाही. बाकीचे बोलायचे बंद झाले. होऊ देत.

माझं अक्षर माझ्या माणसांविरुद्ध एक ओळ लिहिणार नाही. आणि या खाटेवरून मी उठणार नाही. उठवायचं असेल तर या. पत्ता भिंतीवर लिहिलेला आहे.