मित्सुएच्या खडकावर नको

मित्सुएच्या डाव्या भुवईचे दोन तुकडे होते. नवऱ्याने, तोराओने, होडीतली लोखंडी कप्पी फेकून मारली होती. पुढचा दात चहाच्या किटलीने गेला. करंगळी कशाने वाकली ते तिला स्वतःलाच आठवत नसे. "एवढं कोण लक्षात ठेवणार बाई," म्हणायची आणि तोंडावर हात धरून हसायची.

आम्ही कोमोरे गावच्या पाणबुड्या बायका. दम धरून समुद्राच्या तळाशी उतरायचं, खडकाला चिकटलेले अवाबी शिंपले लोखंडी पट्टीने उचकटायचे आणि वर यायचं. कमरेला दोरी असते, तिचं दुसरं टोक होडीत नवऱ्याच्या हातात. खालून हिसका बसला की त्याने जीव खाऊन ओढायचं. तोराओ हिसका बसल्यावर आधी हातातली सिगारेट संपवायचा. सकाळी भांडण झालं असेल तर दुसरी पेटवायचा. मित्सुए वर यायची ती काळीनिळी, कधी कानातून रक्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी.

मी एकदा चिडून विचारलं, "कशाला जातेस त्याच्याबरोबर मरायला?"

"तळाशी त्याचा हात पोचत नाही गं," ती म्हणाली. "तेवढाच काय तो विसावा."

दारूने यकृत सडून तो मेला. मरताना धाकट्या भावाला, गेनजोला, सांगून गेला, "मला थडग्यात कोंबू नका. माझी राख कासवखडकावर टाका." मित्सुए रोज तळाशी उतरायची ती त्याच खडकावर. ऐकून माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी पोचला नाही तिथे या माणसाला आता जायचं होतं.

गेनजो नगरपालिकेत विचारून आला. तिथले साहेब म्हणाले, परवानगीचा असा कायदा नाही, फक्त हाडांची पूड करा आणि समुद्रावर ज्यांचं पोट आहे त्यांना दुखवू नका. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी हात झटकले. "खडक बायकांचा. त्यांना विचार."

बायकांना विचारायचं म्हणजे आमच्या शेकोटीच्या खोपटाशी यायचं, आणि तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं. गेनजो दारातच उभा राहिला. पांढऱ्या फडक्यात बांधलेला अस्थींचा घडा गळ्यात.

"भावाची शेवटची इच्छा आहे. हो म्हणा, म्हणजे झालं."

सगळ्यांत थोरली हात्सुआजी निखाऱ्यात रताळी उलटत होती. "मित्सुए, तू सांग."

"नको," मित्सुए म्हणाली.

"वहिनी, शुद्धीवर आहात ना? नवरा होता तुमचा!"

"म्हणूनच नको म्हणते, भाऊजी."

"म्हणजे तुमच्या परवानगीवाचून माझ्या भावाचं अडलंय होय?"

"हो, आज अडलंय," हात्सुआजी म्हणाली. "आता दार लावून घे. गार वारा येतोय."

गेनजोने दार असं आपटलं की छपरावरची काजळी रताळ्यांवर पडली.

सकाळी मित्सुए माझ्या होडीतून निघाली. तोराओ गेल्यानंतरची तिची पहिलीच बुडी. माझ्या एका कानाचा पडदा फाटल्यापासून मी बुडी सोडून होडीच चालवते, तेव्हा दोरी मी धरणार होते. जाऊन बघतो तर बरोबर कासवखडकाच्या वरच्या पाण्यात गेनजोची होडी. फडक्याची गाठ सोडायला लागला होता. हाडांची पूडसुद्धा केली नव्हती मेल्याने.

होडीला होडी लागायच्या आत मित्सुए पलीकडे उडी मारून गेली आणि तिने घडा धरला. गेनजोने वल्ह्याचा दांडा तिच्या तोंडावर घातला. तीच भुवई पुन्हा फुटली. ती पडली नाही. हातातली लोखंडी पट्टी तिने त्याच्या मनगटावर हाणली, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. गडी गुरासारखा ओरडला. मग गुडघ्यावर हाणली. मग पुन्हा गुडघ्यावर.

"पुरे, मित्सुए! मरेल तो!" मी ओरडले. खरं सांगायचं तर फार जोरात नाही.

तेवढ्यात घडा कडेवरून घरंगळला आणि गाठीसकट पाण्यात गेला.

गेनजो मनगट पोटाशी धरून हसायला लागला. "गेला! जिथे जायचं होतं तिथे गेला! आता विचारा परवानगी."

मित्सुए माझ्या होडीत परत आली. डोळ्यात रक्त उतरलं होतं. दोरी कमरेला बांधली, टोक माझ्या हातात दिलं. "धर," एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

मी दोरीकडे बघत बसले. हिसका बसला तसे दोन्ही पाय रोवून ओढत सुटले. तळहात सोलले. ती वर आली, काखेत घडा. होडीला धरून धापा टाकत माझ्याकडे बघत राहिली.

"इतक्या लवकर?"

"काय इतक्या लवकर?"

"इतक्या लवकर ओढता येतं माणसाला?" ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. त्याच्या मरणानंतर रडली ती तेव्हाच. मलाही आवरलं नाही.

तोराओ आता देवळामागच्या टेकडीवर दगडाखाली आहे. गेनजो पोलिसांकडे गेला नाही. बाईने मोडलेलं मनगट दाखवणार कुणाला?

पितरांच्या सणाला मित्सुए टेकडी चढते. आमच्याकडे थडग्यावर पळीपळीने पाणी घालतात, म्हणून भरलेली बादली नेते. दगडापुढे फुलं ठेवते, उदबत्ती लावते, एक सिगारेट पेटवून ठेवते आणि ती संपेपर्यंत बसून राहते. मग दुसरी पेटवते. तीही संपली की भरलेली बादली तशीच उचलून खाली येते.