लोखंडे मास्तरांची मराठी तार

लोखंडे मास्तरांचा चेहरा मी पाहिला त्याच्या दोन वर्षं आधीपासून मला त्यांचा राग ओळखता येत होता. मी नगरच्या तारऑफिसात आणि ते जिल्ह्याच्या पूर्वेला, एका कोरड्या तालुक्याच्या गावी तारमास्तर. तारयंत्राची किल्ली प्रत्येक जण आपापल्या ढंगाने दाबतो. कान सरावला की पलीकडे कोण बसलंय ते पहिल्या चार अक्षरांत कळतं. लोखंडे चिडले की त्यांचे आखूड ठोके तुटक पडायचे आणि लांब ठोके उगाच लांबायचे. बहुतेक वेळा ते चिडलेलेच असायचे. सकाळी त्यांचा हात ऐकला की मी शेजारच्याला म्हणायचो, "मास्तरांनी चहाच्या आधीच कुणाशी तरी भांडण उरकलेलं दिसतंय."

प्रत्यक्ष भेटले ते बांगलादेशच्या लढाईनंतर महिन्याभराने. किडकिडीत, विटक्या कोटाच्या खिशाला दोन पेनं लावलेला एक माणूस सरळ माझ्या टेबलाशी आला. "जोशीबुवा तुमीच ना? ही तुमच्याच हातची," म्हणाला आणि एका तारेची नक्कल माझ्यापुढे आपटली.

पुण्याहून आलेली ती तार पुढे मीच पाठवली होती. लढाईत जखमी झालेल्या एका जवानाला पुण्याला आणलंय, जिवाला धोका नाही, घरच्यांनी भेटायला यावं, असा मजकूर. इंग्रजीत. लोखंड्यांच्या ऑफिसात मराठी तारांची सोयच नव्हती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. त्यांनी ती ऐकून उतरवली, पाकिटात घातली आणि शिपाई ती सायकलवरून सहा मैलांवरच्या वाडीत देऊन आला. लढाईचे दिवस, जवानाचं घर आणि दारात तार! वाडीत त्या दिवशी इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, आणि वाचून घ्यायची गरजही कुणाला वाटली नाही. शिपाई परत येऊन म्हणाला, "मास्तर, लई रडारड चाललीय तितं."

लोखंड्यांनी यंत्र तसंच सोडलं, शिपायाच्या हातातून सायकल घेतली आणि "जित्ता हाय, जित्ता हाय" असं ओरडतच ते वाडीत शिरले. तोवर जवानाच्या पोरसवदा बायकोच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या. कुंकू पुसून झालं होतं. नवरा पुण्यात खाटेवर पडून पेज पीत असेल, आणि इकडे चार बायकांनी धरून तिला विधवा केलं होतं.

"ती मला काय म्हनाली ठावं हाय?" लोखंडे माझ्यावर डोळे रोखून म्हणाले. "म्हनाली, मास्तर, तुमाला तर समदं ठावं हुतं, मग आमाला कळंल आसं का न्हाई धाडलं? काय सांगू मी तिला? आमची पद्धत हाय म्हनू?"

या धावपळीबद्दल मास्तरांना वरून काय मिळालं असेल? मेमो! कामाच्या वेळेत ऑफिस सोडलं आणि तारेतला मजकूर उघड केला, असे दोन आरोप. ज्या घरची तार त्याच घराला तिचा अर्थ सांगितला, याला म्हणे गुप्ततेचा भंग. एवढ्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं. त्या दिवशी मात्र ते थंड होतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि शहाण्यासारखा म्हणालो, "नियम आहे मास्तर, काय करणार?"

"मंग त्या नियमालाच च्या पाजा," असं म्हणून ते समोरचा कप तसाच ठेवून निघून गेले.

आठवड्याने त्यांचं कार्ड आलं. आपल्या ऑफिसात मराठी तारांची सोय करावी असा अर्ज त्यांनी केला होता आणि 'या ठिकाणी मागणी नाही' असं उत्तर आलं होतं. खाली लिहिलं होतं, 'मराठीत लिहिलेला फॉर्म आपण खिडकीवरूनच परत देतो. मग मागणी दिसावी कुठून? तुम्ही मराठी कडकट्ट शिकून आला आहात. मला शिकवा. दुपारी लाइन मोकळी असते.' विनंती वगैरे काही नाही. उसनं दिलेलं भांडं परत मागावं तसा सूर.

कडकट्ट म्हणजे आमची तारेच्या ठोक्यांची लिपी. मी भीत भीतच शिकवलं. आधी अक्षर वाजवायचं, मग त्याचा काना, मात्रा, वेलांटी. जोडाक्षर आलं की मास्तर अडायचे. पंचवीस वर्षं बोटांत इंग्रजी मुरलेलं. ते सहजासहजी वाट सोडत नव्हतं. चुकले की पलीकडून नुसताच एक लांबलचक ठोका यायचा, तो बहुधा स्वतःलाच हासडलेल्या शिवीचा असावा. तीन महिन्यांनी त्यांच्याकडून पहिलं न अडखळता आलेलं मराठी वाक्य मी उतरवून घेतलं: 'तुमचा साहेब झोपला का'. मी 'हो' कळवलं. ताबडतोब उत्तर आलं, 'आमचा पण'.

मग त्यांनी मागणी दाखवायचं मनावर घेतलं. ते दुष्काळाचं साल. माणसं पोटामागे पांगलेली, निरोप तातडीचे. मराठीत लिहिलेला फॉर्म खिडकीवर आला की लोखंडे तो परत द्यायचे, पण आधी त्याची नक्कल उतरवून घ्यायचे आणि खाली लिहायचे, 'गिऱ्हाइकाला इंग्रजी येत नाही या गुन्ह्याबद्दल परत'. त्याखाली ठसठशीत सही. असा जाडजूड गठ्ठा त्यांनी वर पाठवला. "आता म्हना मागनी न्हाई!" असं म्हणताना त्यांचा आवाज एवढा चढला असणार की शिपाई दचकला असेल.

गठ्ठा पाहून एक साहेब तपासणीला आले. त्यांनी दिलेला पानभर मराठी मजकूर लोखंड्यांनी वाजवला, मी नगरला उतरवला. एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला नाही. साहेब शाबासकी देऊन गेले. तीन आठवड्यांनी लोखंड्यांच्या हातात दोन कागद एकदम पडले. एकात मराठी तारांची सोय मंजूर. दुसऱ्यात मास्तरांची बदली, थेट खानदेशात. त्यांच्या जागी जो आला त्याला मराठी कडकट्टाचं एक अक्षर येत नव्हतं. पाटी तेवढी लागली: मराठी तारा स्वीकारल्या जातील. याला कुणी योगायोग म्हणेल. मी म्हणणार नाही.

जाताना ते नगरला उतरले. बदलीविरुद्ध अर्ज करा, असं मी म्हटलं.

"माझं ऱ्हाऊ द्या वो. तितं येक मराठीवाला मानूस धाडायला लावा तेवडा. मानसं पाटी वाचून येत्याल, त्यांस्नी पुन्यांदा म्हागारी लावू नगा." मग म्हणाले, "आमची आक्का हाय हितंच, भिंगारच्या पल्याड. चवथी शिकलीय, रोज पेपर वाचती. आन तिच्या दारात आपली तार गेली का ती आडानी. ह्ये आपन केलंय, जोशीबुवा, आपन."

"बघतो," मी म्हणालो. बघितलं नाही. मास्तरांच्या जुन्या ऑफिसात तसा माणूस पाठवावा असा कागद मी लिहिला, दोनदा वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. साहेबांची मर्जी सांभाळणाऱ्यांतला मी. मला कशाला बोल लावून घ्यायचा होता?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, खानदेशातून एक तार आली. मीच उतरवत होतो. लोखंडे काविळीने गेले होते. पत्ता आक्कांचा. मजकूर इंग्रजीत, पाठवणारा त्यांच्याच ऑफिसातला, त्याने सवयीने तसा लिहिला असणार. आलेल्या तारेत आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उतरवला. मग हात थांबला. मला भयंकर राग आला. त्या तारेचा, पाटीचा, दोन कागद एकदम पाठवणाऱ्यांचा आणि सगळ्यांत जास्त माझा. त्याच फॉर्मवर खाली मी तो मजकूर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिला आणि सही केली.

शिपाई परत आल्यावर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाईंनी उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन सोताच वाचली. कुनाला बोलावलं न्हाई. मंग आत गेल्या."

नक्कल तपासताना ते साहेबांच्या नजरेस पडलं आणि मलाही मेमो आला. तारेत परस्पर भर का घातली, याचा खुलासा करावा. मी लिहिलं, 'तार ज्यांची होती त्यांना ती वाचता यावी म्हणून.' खुलाशाला ड्रॉवरमधला तो कागद जोडला. त्यातलं 'मराठी तारा जाणणारा एक माणूस' एवढं खोडलं आणि तिथे माझं नाव घातलं.