टेकडीवरच्या देवळातले डोंगे

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर चिखलातून बगळा चालत गेल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. बोलायचं म्हटलं की समोरच्याचं तोंड पाहून मी दुसरंच काही बोलते. लिहिताना समोर कोणी नसतं.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. आम्ही मासे धरणारे. चार पावसाळ्यांआधी माझा नवरा आणि त्याचा साथीदार डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, घेऊन नदीत गेले. पाणी चढलं, डोंगा उलटला. साथीदार खालच्या गावाजवळ झाडाला बिलगलेला सापडला. डोंगाही सापडला. माझा नवरा सापडला नाही. प्रेत नाही म्हणून दहन नाही, दहावं नाही. सासू म्हणाली, "मरताना पाह्यलं कोनं त्याले? कुंकू पुसू नको." मी पुसलं नाही.

तो डोंगा दोघांचा होता, पण नवऱ्याच्या वाट्याचे पैसे साथीदारानंच भरले होते. त्याला मी भाऊ म्हणते. पहिल्याच दिवाळीला मी थोडे पैसे घेऊन गेले, तर त्यानं हात मागे घेतला.

"ज्याले देल्ले त्याच्या हातून घेईन. तो आला का तोच देईल. तुले काऊन घाई?"

ते ऐकून मला फार बरं वाटलं. मग मी पैसे न्यायचंच सोडलं. उधारी आहे तोवर ती देणाराही आहे, असं मनाशी धरून बसले. भाऊही तेच धरून बसला असावा. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

मी बाळंतिणीची आणि बाळाची मालिश करते. चंद्रपूरच्या एका बाईंची मुलगी फ्रान्समध्ये असते, मार्सेय नावाच्या समुद्रकाठच्या शहरात. तिचं बाळंतपण आलं आणि बाईंचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "तूच चल माझ्यासोबत. तुझ्या हाताशिवाय मला भरवसा नाही." पासपोर्टच्या वेळी तिथल्या माणसानं विचारलं, नवरा काय करतो? मी म्हणाले, "मासे धरतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद सरकवला.

तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ओवा आणि बाळंतशेपांची धुरी दिली, तर छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. शेजारची माणसं जिन्यात जमली. मी न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. मुलगी, तिला मी ताई म्हणते, बाहेरून दार वाजवत हसत होती, "मावशी, बाहेर ये, पोलीस नाही आले!" तेवढंच एक हसू तिथलं आठवतं. बाकी दिवस मळभासारखे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि उंच टेकडीवर एक चर्च. त्याच्या टोकावर सोनेरी आई बाळ कडेवर घेऊन उभी. गावात कुठंही गेलं तरी ती दिसायचीच.

ताईला मुलगी झाली होती, तिला सव्वा महिना झाला. बाळाला देवळात न्यायचं होतं. ताई म्हणाली, इथे जवळ देऊळ नाही. बाई म्हणाल्या, "ती वरची काय मग? तीही लेकरू घेऊनच उभी आहे. देव तो देव." म्हणून आम्ही निघालो. गाडीनं वरपर्यंत गेलो, तरी पायऱ्या होत्याच. बाई खालच्या बाकावर बसल्या. वारा इतका की पदर डोक्यावर ठरेना. बाळाला पोटाशी धरून मी चढले.

आत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दगडी कमानी होत्या. वर पाहिलं आणि पाय थांबले. छताला डोंगे टांगले होते. हातभर लांबीचे, शिडाचे, बिनशिडाचे, दोऱ्यांना लटकून हळूहळू फिरणारे. मला वाटलं, हे बुडालेल्यांचे असतील. मी मान वर करून आमच्यासारखा, एका लाकडात कोरलेला डोंगा शोधत राहिले. भिंतींवर पांढऱ्या दगडाच्या पाट्या होत्या, आणि तुफानातल्या जहाजांची चित्रं. एका चित्रात पाण्यातून एक हात वर आलेला होता, आणि वर कोपऱ्यात ढगामध्ये ती आई.

"ताई, काय लिहिलंय पाट्यांवर?"

"आभार मानलेत, मावशी. समुद्रातून वाचून आले, त्यांनी लावल्यात. ही जहाजंही त्यांचीच. नवस फेडलाय."

"सारे वाचलेलेच?"

"हो."

"जे नाही आले, त्यांचं काय ठेवलंय?"

ताईनं बऱ्याच पाट्या वाचल्या. मग म्हणाली, "त्यांचं नाही दिसत गं इथे."

मी बाळाचं डोकं झाकून उभी राहिले. जो येतो तो पाण्यातून निघाल्यावर आधी इथं येतो, देणं देतो, मग घरी जातो. कुणी चार-चार वर्षं थांबत नाही. माझा माणूसही असाच होता. कोणाची चहाची उधारी दुसऱ्या दिवसावर जाऊ देत नव्हता. तो असता तर भाऊच्या दारात कधीचा उभा राहिला असता.

बाजूला एक म्हातारी मेणबत्ती लावत होती. ताई मला म्हणाली, "तूही लावतेस का कुणाच्या नावानं?" मी मान हलवून नाही म्हटलं. नाव तोंडाबाहेर काढलं असतं तर तिथंच बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय लांब करून बाळाला त्यावर घेतलं, तेल चोळता चोळता तिला सांगितलं, "तो येत नाई व माय." ती डोळे मोठे करून पाहत होती. ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. तिला कळलं नाही म्हणून बरं झालं.

घरी परतल्यावर मजुरीचे पैसे घेऊन भाऊकडे गेले. तो अंगणात जाळं विणत बसला होता.

"भाऊ, हे ठेवा."

"त्याच्या हातून घेईन म्हनलो होतो ना तुले?"

"तो येत नाई, भाऊ."

त्याचा हात जाळ्यातच राहिला. मग चिडून म्हणाला, "इतक्या दूर हेच शिकाले गेल्ती का?"

दारातून त्याची बायको म्हणाली, "घ्या न आता. किती दिवस त्या बाईले लटकवून ठेवता? अन् तुमी तरी कुठी झोपता?"

त्यानं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "पाचशे कमी दे. डोंगा जुनाच होता."

"नाई. सारे घ्या. थोडेबी राह्यले त मी पुन्हा वाट पाहीन."

त्यानं हात धोतराला पुसले. एकेक नोट मांडीवर ठेवत मोजली, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग सगळे पैसे कपाळाला लावले आणि खाली पाहतच म्हणाला, "फिटले."