चिमणाबाईची चिमूटभर नागली

चिमणाबाई पेठकडच्या पाड्यावरची. नाशकात एका चित्रांच्या गॅलरीत चार वर्षं ठेकेदाराकडून झाडूपोछा करत होती. दिवाळीनंतर कायम करू, असं तिला सांगितलेलं. त्या भरवशावर तिनं पोरगी आशा नर्सिंगला घातलेली.

यंदा तिथं आयर्लंडची चित्रं आली. मुंबईच्या एका संग्रहालयानं महिन्यासाठी दिलेली, सोबत नियमांचं बाड. ते बाड चिमणाबाईला कुणी वाचून दाखवलं नाही. पायपुसणी कुठं टाकायची तेवढं सांगितलं.

एका चित्रात दुष्काळातली बाई. बटाटे शेतात सडलेले, मांडीवर पोर, पुढ्यात रिकामी टोपली. चिमणाबाईच्या पाड्यावर रिवाज असा, की लेकुरवाळीची टोपली रिकामी दिसली तर न बोलता चिमूटभर नागली, म्हणजे नाचणी, टाकायची. तसंच पुढं गेलं तर तिचा उपास आपल्या घरी येतो. आठ दिवस तिनं तोंड फिरवून पोछा मारला. नवव्या दिवशी पदराची गाठ सोडली आणि दाणे फ्रेमच्या खालच्या कडेवर ठेवले.

संग्रहालयाचा माणूस तपासायला आला, त्याला दिसले. दाण्यांनी किडे-उंदीर येतात, चित्र खराब होतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुढचं गॅलरीच्या भाग्यश्री मॅडमनी केलं. लोक चित्रं बघत उभे असताना पन्नाशीच्या बाईला एकेक दाणा वेचायला लावला. शाळेची पोरं हसली. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. संध्याकाळी त्याच चित्रासमोर मॅडमचं भाषण होतं, भुकेवर.

दुसऱ्या दिवशी मी, तिचा शेजारी, सोबत गेलो. माझा आवाज चढला. मॅडमचा नाही चढला. माफीनामा द्या म्हणाल्या, अडाणीपणानं घाण केली असं लिहा, मग बघू. मी म्हटलं, अन्नाला घाण लिहिणार नाही.

चिमणाबाईनं माझा हात धरला. "लिही रं भाऊ. घाण म्हन, काय बी म्हन. काम राहू दे."

मी लिहिलं. तिनं अंगठा उठवला. मॅडमनी कागद सावकाश वाचला, फाइलीत लावला.

"आता तुम्हीच कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "कबूल केल्यावर ठेवणार कसं?"

जिन्यात नवी बाई बादली घेऊन वर येत होती. चिमणाबाईनं तिला वाट दिली, मग माझ्याकडं पाहिलं. कागद माझ्या अक्षरातला होता.