घंटाघराची पाटी

आमचे पाद्रीसाहेब, रेव्हरंड अँब्रोझ टकेट, मार्लकोम गावात आले तेव्हा तिशीचे होते. मी त्यांचं घर सांभाळायला लागले तेव्हा पन्नाशीचे. मधल्या काळात त्यांनी लग्न केलं नव्हतं, दोन पुस्तकं मात्र केली होती. पहिलं नोहाच्या महापुरावर, चांगलं बारा सर्गांचं. दुसरं चर्चमागच्या तळ्यावर. दोन्हींचे गठ्ठे न खपता परत आले. महापुराची एक प्रत मी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकण म्हणून लावली. ती पाहून साहेब म्हणाले, "चला, कुणाच्या तरी उपयोगी पडलं."

हसून म्हणाले खरे, पण मलाच वाईट वाटलं. साठी उलटल्यावर तर त्यांचा एकच ध्यास. "प्राउसबाई, माझ्या दोन ओळी कुणाच्या तोंडून ऐकल्या, की मी सुखानं डोळे मिटेन."

गावात घंटा वाजवणारे सहा जण. त्यांचा म्होरक्या जेथ्रो लस्कम, लोहार. घंटाघरात नियमांची पाटी असते आणि ती पद्यात लागते. आमची जुनी पाटी किड्यांनी खाल्ली, तेव्हा जेथ्रो दारात येऊन म्हणाला, "साहेब, आठ-दहा ओळी जुळवून द्या. आमच्या डोक्यात शिरतील अशा. महापूर नको."

साहेबांना ते लागलं. ही काय कविता झाली, असं पुटपुटत त्यांनी जेवता जेवता पाटी लिहून दिली आणि विसरूनही गेले. मग देवदूतांवर तिसरं पुस्तक काढलं. तेही परत आलं.

त्या दुपारी ते फार खट्टू होते. कापणीच्या सणाला घंटा कधी वाजवायच्या ते सांगायला निघाले आणि तंद्रीत टोपीसकट घंटाघरात शिरले. मी पाव-चीज घेऊन मागेच होते. सहाही दोर थांबले. सहा जण एका सुरात म्हणाले:

"डोईची टोपी दारी काढा,
विसरलात, तर सायडर वाढा."

साहेबांनी भिंतीवरच्या आपल्या पाटीकडे पाहिलं. "हे... हे तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ? माझी बायको मला रोज उंबऱ्यावर ऐकवते," जेथ्रो म्हणाला. "आता विषय बदलू नका साहेब, सफरचंदाची दारू घागर भरून हवी."

साहेबांनी टोपी काढली, डोळे पुसले. मग दाराबाहेर गेले, टोपी नीट डोक्यावर बसवली आणि पुन्हा आत आले.

असे ते चार वेळा आले. आमच्या तळघरात सायडरचा थेंब उरला नाही.