अकरावी नोंद

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही – आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा गेल्या मंगळवारी वर्गात जे झालं, त्यानंतर मला माझाच इतका संताप आला की गप्प बसवेना, म्हणूनही असेल.

मी मेहकरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. डेटाबेस हा माझा विषय. दरवर्षी एक धडा येतो – एका टेबलमधल्या नोंदी बदलायच्या, पण सगळ्या नाही. दुसऱ्या टेबलमध्ये पाहून, अट लावून, लागू पडतील तेवढ्याच. मुलं इथे हमखास चुकतात. जोडणी अर्धीच करतात आणि भलत्याच नोंदी बदलून बसतात. म्हणून मी एक गोष्ट सांगते. एक ऑपरेटर होता, म्हणते. कोणत्या नोंदी बदलणार ते आधी पाहायचं सोडून त्यानं सरळ अपडेट चालवलं, आणि एका भल्या माणसाला चोर ठरवलं. वर्ग हसतो. मग सगळे वहीत लिहून घेतात – आधी सिलेक्ट, मग अपडेट. छान शिकवता मॅडम, असं पालकही म्हणतात.

ती ऑपरेटर मी होते.

थांबा – चूक कोणाचीही होते, असं म्हणू नका. मला ते ऐकायचं नाही. चूक सांगायला मी बसलेलीच नाही. चूक तर मी दरवर्षी तीस मुलांसमोर हसत हसत सांगते. जे सांगत नाही, ते तिच्यानंतरचं आहे.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते वर्ष. बोंड बाहेरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी. या बियाण्याला बोंडअळी लागतच नाही, असं छातीठोक सांगून विकलेलं बी – आणि वावरंच्या वावरं बसली. लोक चिडले, आणि चिडायलाच पाहिजे होतं. मग बियाण्यांची तपासणी झाली. मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर होते. माझ्याकडे दोन टेबलं होती. एकात तालुक्यातली कृषी केंद्रं, म्हणजे बी-खतांची दुकानं – कोणी कोणत्या कंपनीचा कोणता लॉट, म्हणजे बियाण्याची कोणती खेप, विकली. दुसऱ्यात प्रयोगशाळेचे निकाल. ज्या लॉटचा निकाल नापास, तो विकणाऱ्या दुकानासमोर 'विक्री बंद' लिहायचं. एवढंच काम.

लॉट नंबर दोन कंपन्यांचे सारखे असू शकतात. म्हणून कंपनी आणि लॉट, दोन्ही जुळवून पाहावं लागतं. मी नुसता लॉट जुळवला. गावात दोन रमेश असताना आडनाव न विचारता एकाला धरून न्यावं, तसं झालं. मी आधी कागदावर हातानं मोजली होती, तेव्हा दुकानं दहा भरली होती. पडद्यावर आलं – अकरा नोंदी बदलल्या. मी तो आकडा पाहिला. मोजताना मीच चुकले असेन, असं म्हटलं आणि यादी छापली. साहेबांची सही झाली, यादी बोर्डावर लागली, आणि दुपारपर्यंत तिचा फोटो मोबाइल-मोबाइलवर फिरला.

अकरावं दुकान रऊफचाचाचं होतं.

आमचं गाव जानेफळच्या रस्त्यावर. स्टँडसमोर चाचाचं एका शटरचं कृषी केंद्र. आमच्या घरचं बियाणं मला कळायला लागल्यापासून तिथूनच येई. हा दुकानदार गिऱ्हाइकाला परत पाठवायचा हो. तुह्यं वावर मुरमाड हाय, हे वाण तिथं टिकणार नाही, म्हणायचा आणि पाकीट परत फळीवर ठेवायचा. बाबा घरी येऊन हसायचे, याले धंदा करता येत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचे कागद फायलीला लावताना चाचाच्या कंपनीचा कागद माझ्या हाताखाली आला. तोच लॉट नंबर. कंपनी वेगळी. निकाल – पास.

तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्षांनी नाही, महिन्यांनी नाही. एक ओळ बदलायची आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, एवढंच अंतर होतं. मी का गेले नाही, त्याचं कारण मी इथे आधी लिहिलं होतं. वाचून पाहिलं आणि खोडलं. कारणाच्या मागे लपण्यात मी पटाईत आहे.

संध्याकाळी गावाकडच्या एसटीत लोक बोलत होते. यादीत अकरा नावं, पण तोंडात एकच. दहा दुकानदार कोणाचे भाऊ, कोणाचे व्याही, त्यांची 'फसवणूक झाली असेल'. रऊफनं मात्र मुद्दाम विकलं. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, असं ज्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं ते म्हणत होते. एकानं तर 'ते लोक तसेच' असंही म्हटलं. कोण लोक? त्याच्याच पोरीच्या लग्नात चाचानं दोन दिवस दुकान बंद ठेवून पंगती वाढल्या होत्या. उठून दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. आणि मी काय सुनावणार होते? त्यांच्या हातात दगड मीच दिला होता. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

तिसऱ्या दिवशी चाचा कार्यालयात आला. साहेबांनी त्याला दारातूनच सांगितलं, कॉम्प्युटरची यादी आहे, तिच्यात चूक होत नसते. मग तो माझ्या टेबलाशी आला. हातात बिलांची पिशवी आणि बियाण्याचं रिकामं पाकीट, कंपनीचं नाव वर येईल असं घडी घातलेलं. खुर्चीवर बसला नाही.

"बेटा, एकडाव पाहून सांग. साहेबाचं जाऊ दे, तू सांग. हा माहाच लॉट हाय काय?"

मी पाकिटावरचा नंबर वाचला. कंपनीचं नाव वाचलं. पडद्याकडे वळले, दोन-चार कळा दाबल्या – खोट्याच. पडद्यावर काही बदललं नाही. मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "हो चाचा. तोच आहे."

हेच ते. चार शब्द.

त्यानं पाकीट पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, "तूनं पाह्यलं ना? मंग बस झालं. कागदावर माहा भरोसा नाही, तुह्यावर हाय." आणि पिशवी उचलून गेला.

त्यानं भांडायला हवं होतं. वर अर्ज करायला हवा होता, माझ्या नावानं बोंबलायला हवं होतं. त्यानं काय केलं, सांगू? ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून ते बी नेलं होतं, त्या प्रत्येकाच्या घरी तो गेला. एकेकाच्या दारात उभा राहिला आणि हात जोडून माफी मागितली. न केलेल्या गुन्ह्याची. का, तर मी सांगितलं होतं म्हणून.

आमच्याही घरी आला. रविवार होता, मी स्वयंपाकघरात.

"मले मालूम नव्हतं हो भाऊ. मालूम असतं तं तुमच्या वावरात हे बी जाऊ देलं नसतं."

बाबा म्हणाले, "रऊफ, तुह्याकून असं वाटलं नव्हतं मले." मग म्हणाले, "बस, च्या घे." माझे बाबा त्या दिवशी मोठ्या मनाचे झाले. चहा मी केला. कप मीच नेऊन दिला. चाचानं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि मी आत येऊन पातेलं घासत बसले.

पुढच्या हंगामात त्याचं शटर उघडलं नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आणि मी – वर्षभरानं, कोणी पाहत नाहीसं पाहून, त्याच्या नोंदीसमोरचं 'विक्री बंद' खोडलं. या वेळी कंपनी आणि लॉट दोन्ही जुळवून. एक नोंद बदलली, असं पडद्यावर आलं. म्हणजे आज कोणी उघडून पाहिलं, तर तिथे काही चुकलेलं दिसणारच नाही. पुरावासुद्धा मीच पुसला. याला मी तेव्हा मनात दुरुस्ती म्हणाले होते. लाज वाटायला हवी होती.

चाचा गेला असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. चाचा आहे. मेहकरच्या स्टँडवर भेटतो, कशी हायेस बेटा, विचारतो. मी बरी आहे म्हणते.

या जूनमध्ये तो नातीला घेऊन क्लासवर आला. सना तिचं नाव. माझ्यासमोर तिला म्हणाला, "हिच्यापाशी शीक. हे पोरगी खरं बोलते. समोरच्याले वाईट लागलं तरी बोलते." मी फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

सना दुसऱ्या बाकावर बसते. अक्षर चांगलं आहे, शंका विचारते. गेल्या मंगळवारी तो धडा आला. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, या वर्षी ती गोष्ट नको. सांगायची तर खरी सांगायची, नाही तर सोडून द्यायची. फळ्यावर दोन टेबलं काढली. एकात दुकानं, दुसऱ्यात निकाल. नेहमीप्रमाणे अर्धी जोडणी लिहिली, वर्गाकडे वळले, आणि माझ्या तोंडून आलं, "एक ऑपरेटर होता."

वर्ग हसला. सनाही हसली. मग तिनं मान खाली घातली आणि वहीत लिहून घेतलं.